दुखणे शनिवारपर्यंत टिकवावे

आमच्या शाळेमागच्या मळ्यातल्या काकांइतक्या वेळा मरणाच्या दारातून परत आलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. मी किन्हीराजाला मास्तर होतो तेवढ्या वर्षांत ते निदान नऊदा तरी आटोपले होते, आणि त्यातले प्रत्येक दुखणे माझ्या हस्ताक्षरात आहे. काकांना लिहिता येत नव्हते. वांग्यांची टोपली शाळेच्या ओसरीवर टेकवून ते म्हणत, "गुरुजी, एक कारड लिहा. बाबाले दोन्ही डोयानं दिसत नाही म्हना." आणि मी लिहीत असताना हेच डोळे माझ्या धोतरावरचा शाईचा बारीकसा ठिपका हेरून हळहळत.

अशी तीन कार्डे तीन ठिकाणी जात. थोरला लेक मूर्तिजापूरला कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता, लेक इंझोरीला दिलेली, आणि धाकटा मानोऱ्याला सासऱ्यांचा मळा सांभाळत होता. तिघेही पोराबाळांचे. पण काकांचे सगळे प्रेम लेकरे मोठी झाल्यावरच उतू जाऊ लागले होते. "लहान लेकराईले सांभाळा लागते," ते म्हणत, "मोठ्या लेकराईसंगं मजा करता येते." आणि मजा म्हणजे काय, तर भजन. गावच्या भजनी मंडळात काका मागच्या रांगेत म्हणत. बुवांनी पुढे ओळ म्हणायची आणि मागच्यांनी ती उचलायची, अशी रीत. काकांचा गळा मंडळात सगळ्यांत गोड, बुवा स्वतः हात जोडून पुढे या म्हणत, पण काकांनी जन्मात कधी पहिली ओळ म्हटली नाही. "पुढं म्हनायले एकटा पुरते, गुरुजी. मांगं म्हनायले आपले मानसं लागते." डोळे मिटून टाळ वाजवता वाजवता ते मध्येच थांबत आणि उसासा टाकत, "तीन आवाज कमी हायेत." असे झाले की दुसऱ्या दिवशी त्यांचे अन्न सुटलेच म्हणून समजा.

लेकरांच्या आवाजांची पारख ते भाजीसारखी करीत. थोरल्याचा आवाज कोहळ्यासारखा, लेकीचा लवंगी मिरची, धाकट्याचा काकडी, "गोड हाये, पन पानचट". एकदा मीही रांगेत उभा राहिलो. काकांनी एक अभंग संपेपर्यंत दम धरला आणि मग मायेने सांगितले, "तुमचा भेंडीचा हाये. जून झाली. भाजी नाही होनार, बियाले ठेवा." लेक माहेरी आली की पुरुषांच्या रांगेत उभी राहते म्हणून गावात कुजबुज झाली, तेव्हा काकांनी बुवांनाच विचारले, "आवाजाले का धोतर असते, का लुगडं?" बुवांनी पुढची ओळ धरली, आणि लेक आपल्या जागी उभीच राहिली.

लेकरांना ही दुखणी पाठ झाली होती. अन्न सुटल्याचे कार्ड वाचून लेक आली, तेव्हा काका आंब्याखाली गोवऱ्यांच्या आरातून काढलेला चौथा रोडगा वांग्याच्या भाजीत चुरत होते. तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारले, "बाबा, या बारीले काय दुखून राह्यलं?" काका म्हणाले, "तू आली, आता बरं वाटून राह्यलं." थोरल्याचे तर एकदा उलट कार्ड आले. जिनाला रविवारी सुटी असते, तरी दुखणे शनिवारपर्यंत टिकवावे. मी ते वाचून दाखवल्यावर काका इतके हसले की त्यांना खरोखरच ठसका लागला. आणि दुखणे टिकवलेही!

मग एका वर्षी, ऐन कापूस वेचणीत, काका रिकाम्या हाताने आले. ओसरीवर बसून बराच वेळ दम खाल्ला. म्हणाले, "लिहा. मी ठीक हाये. कापसाचे दिवस हायेत, येऊ नका." मला आनंदच झाला. उशिरा का होईना, काकांना शहाणपण आले असे मी त्यांना बोलूनही दाखवले. त्यांनी हसून पाणी मागितले.

चौथ्या दिवशी लेक घामाघूम होऊन थेट शाळेत आली. "गुरुजी, बाबाले काय झालं?" मी म्हटले, "काही नाही. ठीक आहेत असे त्यांनीच तर कळवले."

"म्हनूनच तं आली. ठीक असल्याचं कारड त्याईनं कवा धाडलं होतं?"

आम्ही मळ्यात गेलो. काका बाजेवर पडून होते, निम्म्याने उरलेले. दिवस मावळायच्या आत दोघे लेकही येऊन थडकले. मीच गुपचूप कळवले असे वाटून काका माझ्यावरच चिडले. मी वाकून विचारले, "काका, खरे दुखणे का नाही लिहू दिले?" ते हळू आवाजात म्हणाले, "खोट्या दुखन्यानं लेकरं हासत येतात, गुरुजी. खऱ्यानं रडत आले असते."

मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. मग काकांनी टाळ मागितले. थोरला आपले टाळ घाईत आणायला विसरला होता, त्याबद्दल त्याला बोलणी बसली. बुवा परगावी होते. पुढे कोण म्हणणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत असताना बाजेवरून काकांनीच पहिली ओळ म्हटली. बारीक आवाजात, जन्मात पहिल्यांदा. कोहळे, मिरची आणि काकडी तिन्ही मागून उठली. दुसरी ओळ काकांनी म्हटली नाही. डोळे मिटून ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "आता पुरे हायेत."

आठवड्याभराने ते गेले. जाईपर्यंत तिघेही तिथेच होते.

आता माझीही मुले मोठी झाली आहेत, लांबलांबच्या गावी आहेत. मी त्यांना 'येथील सर्व कुशल' असे लिहितो आणि ती ते खरे मानतात. त्यांचा दोष नाही. मी त्यांना खोट्या दुखण्याने कधी हसत बोलावलेच नाही. आज सकाळपासून तीन कोरी कार्डे घेऊन बसलो आहे. काय दुखते आहे, ते मात्र अजून ठरत नाही.