चुन्याची रेघ आणि मार्करचाचा

मार्करचाचा कोर्टावर कधीच चप्पल घालून पाय ठेवत नसत. जिमखान्याच्या दोन लाल मातीच्या टेनिस कोर्टांची देखभाल त्यांच्याकडे होती. पाणी मारणे, रूळ फिरवणे, चुन्याच्या रेघा आखणे, सगळे तेच करत; अशा माणसाला जिमखान्यात मार्कर म्हणत. एकदा जिमखान्याच्या चिटणीसबाई उंच टाचांच्या सँडल घालून आत आल्या, तेव्हा चाचा अदबीने म्हणाले, "अहो बाई, टाचा बाहेर ठेवून आलात तरी चालेल."

मी तिथे गेले ती कॉलेजच्या सरांनी पाठवले म्हणून. महिलांच्या वार्षिक स्पर्धेला रेषापंच हवे होते. वडिलांचा मंडईत भाजीचा गाळा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. टेनिस तोवर पाहिलेही नव्हते. चाचांनी मला रेघेपाशी बसवून शिकवले. मातीवर चेंडूचा ठसा उमटतो. चुना जरासा जरी फाटला असेल, तर चेंडू आत. वाद झाला की खुर्चीवरचे पंचही चाचांनाच बोलवत. निर्णय दिला की चाचा तो ठसा पायाने पुसून टाकत. "वाचून झालं की पुसायचं. नाहीतर पुढचा माणूस शिळं वाचतो."

स्पर्धेचा इतिहास मला त्यांच्याकडूनच कळला. विजेत्यांची नावे त्यांना आठवत नसत, पाय आठवत. "पहिल्या वर्षी एक डॉक्टरीणबाई साडी खोचून खेळल्या. सकाळी बाळंतपण, दुपारी सामना. उजव्या कोपऱ्यात त्यांनी जो खड्डा पाडला, तो बुजवायला मला दोन दिवस लागले."

मी गेले त्या वर्षी समितीने स्पष्टच सांगितले होते : प्रेक्षकांपेक्षा खुर्च्या जास्त असतात. पुण्याची मुलगी जिंकली तर लोक येतील, स्पर्धा चालू ठेवू. नाहीतर ती बंद, आणि मातीच्या जागी सिमेंट. सिमेंट आले की चाचांचे कामही संपणार होते.

अंतिम सामन्यात नारायण पेठेतल्या मुलीला जिंकायला एकच गुण हवा होता. मद्रासहून आलेल्या पाहुणीचा चेंडू माझ्या रेघेपाशी पडला. मी ओरडले, "आउट!" टाळ्या सुरू झाल्या. पाहुणीने हात वर केला. पंचांनी चाचांना बोलावले. ते वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"चाचा, नीट बघा हं," मागून चिटणीसबाई म्हणाल्या.

"नीटच बघतोय बाई. तीच तर पंचाईत आहे." मग ते उठले. "चुना फाटलाय. आत."

तो गुण पाहुणीला गेला, मग सेट, मग सामना. दिवाळीनंतर कोर्ट खणले गेले. स्पर्धा पुन्हा झाली नाही.

चाचा शनिवार पेठेत मेहुण्याच्या सायकलच्या दुकानात बसू लागले. एकदा धीर करून मी तिथे गेले. "चाचा, तुम्ही बाहेर म्हणाला असतात तर?"

"तर स्पर्धा राहिली असती." चाकात हवा भरता भरता ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी एखाद्या पोरीनं ठसा बघायला बोलावलं असतं, तर कुठल्या तोंडानं वाकलो असतो?"

माझा निर्णय चुकला म्हणून ती वेळ तुमच्यावर आली, असे मला म्हणायचे होते. त्यांनी पंप बाजूला ठेवला आणि स्टूल पुढे सरकवले.

"बसा पंचबाई. चहा सांगतो."