सणसमामांचा खडू

जुन्या गिअरबॉक्सच्या दुकानात माल कमी-जास्त होतो, किस्से मात्र साठतच जातात. त्यांना गिऱ्हाईक नसतं ना! नाना पेठेतलं हे दुकान माझं, पण चालतं सणसमामांच्या शब्दावर. मामा गिअरबॉक्स तपासतात आणि निकाल खडूने त्याच्यावरच लिहितात, ‘ठीक’ किंवा ‘भंगार’. एकदा लिहिलेलं पुसत नाहीत.

*

वाघोलीचा एक आयटीवाला ऑनलाइन घेतलेला गिअरबॉक्स दाखवायला आला. सेलरचं रेटिंग किती चांगलं आहे, हे त्याने मोबाईल पुढे करून तीनदा सांगितलं. मामांनी झाकण उघडून ऑइलमध्ये बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट त्याच्या नाकापुढे धरलं.

“जळकट वास येतोय ना? तो मोबाईलमध्ये येत नाही.”

*

तपासण्याची मामांची रीत साधी आहे. एका बाजूचा शाफ्ट हाताने फिरवायचा आणि दुसरं टोक किती फिरतं ते मोजायचं. आत कितवा गिअर पडलाय तेही त्यावरून समजतं. इतक्या वर्षांत मीही ते शिकलो.

लोणी काळभोरचे एक बागायतदार असाच एक गिअरबॉक्स घेऊन आले होते. त्याच्या रिव्हर्सचे दात पार झिजलेले. मामांनी ‘भंगार’ लिहायला घेतलं तर ते अजिजीने म्हणाले, “मामा, गाडी गावातल्या गावातच चालवायची हाय. चालंल की!”

“गावात काय, सगळे पुढेच जातात का?” मामांनी विचारलं आणि लिहून टाकलं.

*

मामांच्या सख्ख्या मेहुण्याने विकायला आणलेल्या गिअरबॉक्सचीही तीच गत झाली. मामांनी ऑइलमध्ये लोहचुंबक फिरवलं, तर ते लोखंडाच्या चुऱ्याने माखून वर आलं. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी ‘भंगार’ लिहिलं.

त्या भाऊबीजेला बहिणीने ओवाळलं, पण बोलली नाही. मामांनी हे मला सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. तरी खडू पुसला नाही.

*

एकदा मीच चिडलो. धंदा मंदा होता, आणि समोरचा गिअरबॉक्स जेमतेम होता. म्हटलं, मामा, एकदा लिहा ‘ठीक’, कोण बघायला येतंय? त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

“तू लिही. उद्यापासून तूच लिहीत जा.”

दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी खडू मुकाट्याने त्यांच्या बाकावर ठेवला.

*

गेल्या वर्षी एक निवृत्त मास्तर टेम्पोतून गिअरबॉक्स घेऊन आले. विकायचा नव्हता, घ्यायचाही नव्हता. त्यांचा मुलगा खडकवासल्याच्या रस्त्यावर एका वळणावर गाडी उलटून गेला होता. गाडी भंगारात दिली, पण एवढा भाग त्यांनी काढून घेतला होता.

नातेवाईक म्हणत होते, पोरगा सुसाट चालवत असणार. मुलाला गाडी शिकवली होती मास्तरांनीच. वळणाआधी दुसरा गिअर टाक, हे त्याला हजारदा सांगितलं होतं म्हणाले.

“मला एवढंच सांगा, तो कितव्या गिअरमध्ये होता? तुम्ही कुणाचं मन राखत नाही असं ऐकलं, म्हणून तुमच्याकडे आलो.”

गिअरबॉक्स बाकावर मीच चढवला होता. मास्तर टेम्पोवाल्याशी बोलत होते तेवढ्यात सवयीने शाफ्टही फिरवून पाहिला होता. पाचवा होता. मामा आता तेच लिहिणार, हे मला ठाऊक होतं.

मामांनी शाफ्ट फिरवला. पुन्हा एकदा, अगदी सावकाश फिरवला. मग खडू घेतला आणि गिअरबॉक्सवर लिहिलं, ‘दुसरा’.

“हळू होता तुमचा मुलगा,” मामा म्हणाले.

मास्तरांनी ती अक्षरं पुन्हापुन्हा वाचली. मग बाकाला धरून हमसून रडले. मी त्यांना पाणी दिलं. गिअरबॉक्स आता घरी नको, इथेच असू द्या, असं म्हणून ते गेले.

मी तो उचलायला वाकलो, तशी मामांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“थांब. आधी न्यूट्रलला आण.”