बाल्याचे खाण्याचे वार

सासूबाई गेल्याचं माझ्या धाकट्या दिराला, नितीनला, मीच फोनवर सांगितलं. तो जर्मनीत असतो. ऐकून म्हणाला, "वहिनी, बाल्याला आता कोण देणार?" परक्या माणसाला हा प्रश्न त्या घडीला विचित्र वाटला असता. मला नाही वाटला. बाल्याला खायला घालणं हे सासूबाईंचं खातं होतं, आणि त्यात त्यांनी कुणाची लुडबूड चालू दिली नव्हती.

बाल्या म्हणजे अजगर. परदेशी जातीचा, रीतसर नोंदणी केलेला, आणि इतका भित्रा की मिक्सर लावला तरी स्वतःच्याच वेटोळ्यात डोकं खुपसून बसतो. नितीनने आणला तेव्हा हातभर होता. पुढे नितीनला बाहेर नोकरी लागली आणि काचेच्या पेटीसकट बाल्या आईच्या गळ्यात पडला. आम्ही पनवेलचे आगरी. सासूबाईंच्या पंगतीतून एका भाकरीवर उठलेला माणूस मी पाहिलेला नाही. ताटावर आडवा हात धरला तर त्या हाताखालून वाढायच्या. 'नको' हा शब्द त्यांना ऐकूच यायचा नाही.

तोच न्याय बाल्याला. आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाण्याचे वार. घरात मासळी-मटण शिजलं की त्याच दिवशी बाल्यालाही उंदीर. गोठवलेले उंदीर दुकानातून यायचे आणि वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये राहायचे. सासूबाई ते गरम पाण्यात ठेवून ऊबदार करायच्या आणि लांब चिमट्याने पुढे धरायच्या. "आपुन खावाचा नि त्यानं बघत बसाचा काय?" असा सवाल. बाल्याही कधी नाही म्हणाला नाही. बघता बघता तो लोडासारखा झाला. सासूबाई खूश; व्हिडिओ कॉलवर त्याला पाहून नितीनच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

आम्ही त्याला खारघरच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्या म्हणाल्या, "आजी, पिल्लू होता तेव्हासुद्धा आठवड्याला एक छोटा उंदीर पुरे होता. आता त्याची वाढ मंदावलीय. उंदीर जरा मोठा द्या, पण पंधरा दिवसांनी. पुढे महिन्याने दिलात तरी चालेल."

"मोठा झाला म्हनून कमी? उलटाच हाय तुमचा!" सासूबाई तिथेच म्हणाल्या, आणि घरी येईपर्यंत रिक्षात धुसफुसत राहिल्या. पण पुढच्या बुधवारी त्यांनी तो फ्रीज उघडला नाही. तव्यावर सुरमई चुरचुरत होती, बाल्या काचेला नाक लावून होता, आणि त्या त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसल्या. अर्धी तुकडी ताटात तशीच राहिली. आयुष्यभर वाढत आलेल्या बाईने हात आखडता घ्यायचा, ही गंमत नव्हे. मला तेव्हाच त्यांचा फार अभिमान वाटला होता.

खरी कसोटी त्यानंतरच्या थंडीत लागली. बाल्याने खाणंच सोडलं. उंदीर पुढे धरला की हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. दिवाळी गेली, संक्रांत गेली. नितीन तिकडून घाबराघुबरा, माझे यजमान म्हणत कुणाला तरी देऊन टाकू, आणि उरणच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाईंची नणंद, रोज फोनवर एकच सांगत: तोंड उघडून कोंबा. मॅडम मात्र म्हणाल्या होत्या, वयात आलेला अजगर थंडीत असा राहतो, वजन तेवढं बघत राहा. सासूबाई दर रविवारी त्याला भाकरीच्या जुन्या टोपलीत घालून काट्यावर ठेवायच्या; आकडा मागच्याइतकाच निघायचा. "वजन हाय तवराच हाय. त्याला नको हाय. नको म्हंजे नको." मी चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. होळीनंतर एका दुपारी त्याने अशी झडप घालून उंदीर घेतला की चिमटाच खाली पडला. "खाल्लान गो, खाल्लान!" म्हणत त्यांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले.

यंदा त्या स्वतः अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. मी पेजेची वाटी घेऊन बसले होते, दोन चमचे तरी घ्या म्हणून विनवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. "मी बाल्याला जबरी केली व्हती? ...नाय ना?" आणि हसल्या. मी वाटी खाली ठेवली आणि त्यांचे पाय चेपत बसले.

त्या गेल्यापासून बाल्याने खाल्लेलं नाही. तो शोक करतोय वगैरे मी म्हणणार नाही. सासूबाईंनी मला वेड्यात काढलं असतं. थंडी आहे, एवढंच. परवा आत्याबाई आल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी चिमटा पुढे केला, त्याने तोंड फिरवलं. "अगो, कोंब ना जरा! मरल तो!" आत्याबाई कळवळल्या. मी बाल्याला उचललं, त्याच भाकरीच्या टोपलीत ठेवलं, वजन बघितलं आणि परत पेटीत सोडलं.

"वजन हाय तवराच हाय," मी झाकण लावत म्हणाले. "नको म्हंजे नको."

आत्याबाई दचकून वळल्या. डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "मना वाटला, आमची वहिनीच बोलली."