वैलावर ठेवलेली बाटली

मी लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी बोललो की घरचे ऐकतात, आणि त्या सवयीनेच मी आता लिहायलाही बसलो असेन. वाचणाऱ्यांनी माफ करावं.

लोणावळ्याजवळच्या कॉलेजात मी औषधनिर्माणशास्त्रात एम.फार्म. करतो. माझा प्रकल्प म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पॉलिमरचे गोळे. थंड असताना ते पाणी पिऊन फुगतात आणि औषध पोटात धरून ठेवतात. ऊब लागली की आकसतात आणि औषध बाहेर टाकतात. तीन महिने खपून एकच बॅच जमली. सोमवारी बेगडेवाडीजवळच्या प्रयोगशाळेत तिची तपासणी होती. ती बिघडली तर प्रबंधाची मुदत हुकणार आणि वर्ष वाया जाणार.

बॅचची बाटली कॉलेजच्या फ्रीजमधून सोमवारी उचलायची, एवढंच काम होतं. पण मला ती घरी दाखवायची होती. शनिवारी बर्फाच्या डब्यात घालून मी ती तिकोणा पेठेला आणली.

वडिलांनी बाटली उजेडात धरली. "दोन वर्सं शिकून ताकाचं पानी केलंस व्हय?"

मग मी अर्धा तास भाषण दिलं. ते संपल्यावर आई म्हणाली, "म्हंजे गरम झालं की गुन देतंय."

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. बाटली गारच ठेवायची, हे सांगायचं मात्र राहिलं.

सोमवारी सकाळी घरच्या फ्रीजमध्ये बाटली नव्हती. ती चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या उबदार तोंडावर, दुधाच्या पातेल्याशेजारी, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

"लय गारठली व्हती रं," आई म्हणाली. "राती निखारं व्हतं, म्हनून ठिवली."

मी "बरं केलंस" म्हणालो आणि अंगणात जाऊन मार्गदर्शक मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सॅम्पल माझ्याकडून गरम झालं."

"किती तापमानाला?"

"चुलीच्या वैलावर होतं."

"मी तापमान विचारलं."

"दुधावर साय धरते, तेवढं."

"हे प्रबंधात कसं लिहिणार आहेस? बरं, आहे ते घेऊन जा. बघू."

मी गेलो. तिथल्या माणसाने बाटलीला धुराचा वास का येतो असं विचारलं, तेव्हा मी बहिरा झालो.

पुढचे आठ दिवस आईने रोज विचारलं, "आला का निकाल?" आणि मी रोज काहीतरी शास्त्रीय बोलून वेळ मारून नेली. नवव्या दिवशी मॅडमचा निरोप आला: जवळजवळ सगळं औषध बाटलीतल्या पाण्यात उतरलं आहे, म्हणजे गोळे उबेने आकसतात हे नक्की, पण ही बॅच गेली, नवी करायला एक महिन्याची मुदत वाढवून मिळाली आहे.