लाल दगडाचं गाव

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी एउसेबिया कोल्केने नाक्याची साखळी खाली सोडली नाही. ट्रकसमोर हात धरला. बोलिव्हियाच्या डोंगरातल्या हान्कोमा गावच्या नाक्यावर ती खनिजाचे कागद तपासते. खनिज ज्या गावच्या हद्दीतलं, त्या गावाला सरकारी रॉयल्टीतला वाटा मिळतो. हान्कोमाच्या वाट्यातून शाळेपर्यंत पाण्याचा पाइप यायचा आहे. तो दोन वर्षं निम्म्या वाटेत थांबला आहे.

ट्रक सेवेरोचा होता. सेवेरो एउसेबियाच्या मुलीचा धर्मपिता, त्या नात्याने ती त्याला कोम्पाद्रे म्हणते आणि तो तिला कोमाद्रे. त्याच्या कागदावर मात्र शेजारच्या विलाकेचं नाव होतं.

एउसेबियाने ट्रकमधला एक खडा घेतला, थुंकी लावून चोळला. बोट लाल झालं.

"कोम्पाद्रे, विलाकेचा दगड काळा असतो. लाल आपला."

"कारकून सगळ्यांच्याच कागदावर विलाके लिहितो, कोमाद्रे. त्याचं ऑफिस तिथं आहे ना. दगडाला काय फरक पडतो?"

"दगडाला नाही पडत. तुझी धर्मकन्या शाळेत जाताना ओढ्यावरून पाण्याचा डबा भरून नेते."

सेवेरोने गालात चघळत असलेली कोकाची पानं या बाजूची त्या बाजूला केली.

"म्हणजे कागद बदलून आणायला चाळीस किलोमीटर मागे जाऊ? मग रविवारी जेवायला बोलावू नकोस, मी येणार नाही."

"बरं झालं, मटण वाचेल."

तिने आपल्या पिशवीतली मूठभर पानं त्याला वाटेसाठी दिली. त्याने ट्रक वळवला.

नाक्याच्या वहीत उद्याच्या पहिल्या ट्रकच्या जागी एउसेबियाने सेवेरोचं नाव लिहून ठेवलं आहे. पहिल्या ट्रकसाठी साखळी साडेपाचला सुटते.