गाडीत शोधलेलं दुखणं

मशीनवरची शेवटची चाळीस मिनिटं राहिली होती तेव्हा उत्तम गेला. मला ते चाळीस मिनिटांनंतर कळलं. त्या मधल्या वेळात सिस्टर तीनदा येऊन माझं बीपी बघून गेली, आणि तिसऱ्या वेळी मी तिच्यावर खेकसले, की बाई, मी काय आज पहिल्यांदा डायलिसिसला आले का? तिने पट्टा सोडवला आणि पुढच्या खाटेकडे गेली. अंगातलं रक्त अंगात परत आलं, सुया निघाल्या, कापसाचा बोळा दाबून धरत मी उठायला लागले, तेव्हा डॉक्टर स्टूल ओढून शेजारी बसले. तीन वर्षांत ते माझ्याशी कधी बसून बोलले नव्हते. "बाई, तुमचे भाऊ..." एवढं म्हणून ते थांबले. उत्तम नेहमीसारखा आवारात कडुलिंबाखाली गाडी लावून माझी वाट बघत होता. रखवालदार त्याला गाडी जरा मागे घ्यायला सांगायला गेला, तर हा काचेला डोकं टेकून बसलेला. लगेच उचलून आत आणलं, पण उपयोग नव्हता. दवाखान्याच्या दारापासून तीस पावलांवर माझा धाकटा भाऊ हृदयविकाराने गेला, आणि जिला सगळ्यांनी मनातल्या मनात केव्हाच निरोप देऊन टाकलाय ती साठ वर्षांची मी आत सिस्टरवर खेकसत होते.

त्याला आता दीड महिना झाला. लिहा, म्हणजे मोकळं वाटेल, असं लोक सांगतात. मला मोकळं व्हायचं नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती कळायला थोडी गाडी समजून घ्यावी लागेल, तेवढं वाचकांनी सहन करावं.

उत्तमचं शहागडला हायवेच्या कडेला कमानपाट्यांचं दुकान होतं. ट्रकच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची जी कमान असते, ती मोडली की ट्रकवाले त्याच्याकडे यायचे. भट्टी, घण, पाण्याचं टिपाड, आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, जो तो रोज सकाळी काजळी पुसून स्वच्छ करायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आणि उत्तम-सुनीताच्या संसारात माझी खोली आणि माझी मतं घेऊन राहिले. उत्तम माझ्याच वर्गात विज्ञानात कसाबसा पास झाला होता. हे मी त्याला आयुष्यभर ऐकवलं, आणि त्यानेही कधी मनावर घेतलं नाही.

माझ्या किडन्या गेल्या तेव्हा दर मंगळवारी आणि शुक्रवारी जालन्याला जायचं ठरलं. उत्तमने एक छोटी, जुनी गाडी घेतली. शहागडहून निघायचं, वडीगोद्रीला हायवे सोडायचा, अंबडवरून जालना. जाताना काही वाटायचं नाही. परत येताना मात्र बीपी उतरलेलं असतं, अंगात त्राण नसतं, आणि ती गाडी प्रत्येक वळणावर अशी कलायची की पोटातलं सगळं घशाशी यायचं. घाट नाही, डोंगर नाही, साधी वळणं, पण मला ती एकेक पाठ झाली होती. प्लास्टिकची पिशवी हातात धरूनच मी बसायचे. पाच-सहा महिन्यांनी एका शुक्रवारी घरी उतरल्यावर मी पायरीवरच बसले आणि म्हणाले, बस झालं, आता मी जाणार नाही, मला घरी मरू द्या. डायलिसिस थांबवल्यावर माणूस किती दिवस काढतो हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सुनीता रडायला लागली. उत्तम गाडीकडे बघत उभा होता. तिथूनच म्हणाला, "अक्का, तुला मशीनचा तरास न्हाई ना? वळणाचा हाय ना? मंग वळणाचं मी बघतो. तू मरायचं थोडं थांब."

तिथून आमचा तो उद्योग सुरू झाला. आधी त्याने ट्रकवाल्याच्या अकलेने काम केलं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत कडक रबर ठोकून बसवले. गाडी कलायची थांबली खरी, पण खड्डा आला की थेट माझ्या मणक्यात यायचा. ज्या हाताची शीर मशीनसाठी मोठी केलेली आहे तो हात घरी येईपर्यंत ठणकत राहायचा. घरी आल्यावर उत्तमने विचारलं, किती मार्क? मी म्हणाले, दहापैकी दोन, आणि तेही तू माझा भाऊ आहेस म्हणून. त्या दिवसापासून तो प्रत्येक फेरीला मार्क विचारायला लागला आणि मी मास्तरीणबाई, हात आखडून मार्क द्यायला लागले. मेलं मरण पुढे गेलं आणि गाडीची परीक्षा सुरू झाली.

मग त्याला जुन्या जालन्यात रफिकभाई भेटले. एका बोळात त्यांचं छोट्या गाड्यांचं गॅरेज आहे. मी आत मशीनवर असायचे ते चार तास हे दोघं गाडीखाली असायचे. रफिकभाईंनी त्याला समजावलं की छोट्या गाडीची स्प्रिंग मऊच ठेवायची, धक्के जिरवणारे शॉकअप मात्र चांगले टाकायचे, जोडांमधले झिजलेले सगळे रबरी बुश बदलायचे, गाडी किंचित खाली घ्यायची, आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक पोलादी सळई आडवी जोडायची. सरळ रस्त्यावर ती सळई गप्प असते. वळणावर गाडी एका अंगाला झुकायला लागली की ती पिळली जाते आणि गाडीला झुकू देत नाही. म्हणजे खड्ड्याला मऊ आणि वळणाला ताठ. आमच्या गाडीला मागे अशी सळई नव्हतीच. मी आयुष्यभर मुलांना गुरुत्वमध्य फळ्यावर काढून दाखवला, पण तो आपल्या पोटात असतो हे मला साठीत कळलं. उत्तमने ती सळई विकत घेतली नाही. ट्रकच्या पाट्याचं पोलाद तापवून, ओढून, वाकवून, पाणी देऊन त्याने ती स्वतः घडवली. पहिली तडकली, दुसरी वाकडी झाली. तिसरी बसवली त्या मंगळवारी परत येताना अंबडजवळच्या मोठ्या वळणावर मी डोळे मिटून पिशवी तोंडाशी धरली, आणि काहीच झालं नाही. गाडी पाटावर ठेवल्यासारखी वळली. मी आठ मार्क दिले. उत्तम इतका खूश झाला की त्याने गाडी पुन्हा मागे नेऊन तेच वळण दुसऱ्यांदा घेतलं.

ती दीड-दोन वर्षं आम्ही दोघं सुखात होतो, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. गाडीत काही खुट्ट वाजलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो, आणि हा बुश, तो बोल्ट, असं ओळखायची चढाओढ लागायची. पुष्कळदा मीच बरोबर असायचे. आम्हाला वाटायला लागलं होतं, की काहीही बिघडलं तरी गाडीखाली गेलं की सापडतंच.

नऊ मार्कांच्या नादात त्याने यंदा एका नंबरने जास्त रुंद टायर टाकले. वळणावर गाडी रस्ता आणखी घट्ट धरायला लागली, पण स्टिअरिंग जड झालं. जुनीच गाडी ती, सगळा जोर हातानेच लावायचा. मग उत्तमचा डावा हात भरून यायला लागला. खांद्यापासून कोपरापर्यंत. गिअर टाकून झाला की तो हात मांडीवर ठेवायचा आणि मुठीची उघडझाप करायचा. मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, टायर जड पडून राह्यले. मला ते पटलं. बरोबर वाटलं. रुंद टायर, जास्त घर्षण, जास्त जोर, दुखणारा हात... सातवीच्या पुस्तकातलं उदाहरण होतं. मीच त्याला जुने टायर परत टाकायला लावले. टाकले. हात दुखायचा थांबला नाही. मग मी म्हणाले, अलाइनमेंट बिघडली असेल. मग म्हणाले, पुढच्या चाकांची बेअरिंग बघ. भट्टीपाशी घण मारतानाही दम लागतो असं तो सुनीताला म्हणाला होता, तर तिला वाटलं उन्हाळा आहे. आमच्या घरात आजारी माणूस एकच होतं. ती जागा मी अडवून बसले होते.

शेवटच्या दिवशी सकाळी वडीगोद्रीच्या वळणावर त्याने उजव्या हातानेच स्टिअरिंग फिरवलं. डावा हात तसाच मांडीवर. कपाळावर घाम होता. मी चिडले. मी म्हणाले, "उत्तम, तुला शंभरदा सांगितलं, रफिकभाईंकडे जाऊन ते एकदाचं नीट करून घे. असं एका हाताने चालवून मला मारशील." तो म्हणाला, आज दाखवतोच. मला दारात उतरवून तो जुन्या जालन्याला गेला. माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं ते, आणि त्यातही काळजी माझ्याच जिवाची.

उत्तमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर रफिकभाई मागे थांबले. माझ्यासमोर सतरंजीवर बसले. मग म्हणाले, "बाई, त्या दिवशी गाडी मी पूरी खोलून बघितली. कायच नव्हतं. मी त्याला बोललो, उत्तमभाई, गाडी एकदम बराबर हाय, आता हात डॉक्टरला दाखवा, जल्दी दाखवा. तर म्हणे, अक्काचं मशीन दोनला सुटतं, मंग बघू." इतकं सांगून ते रडायला लागले, म्हणाले, मीच त्याला हाताला धरून न्यायला पाहिजे होतं. मी त्यांना समजावलं की तुमची काय चूक. पण ते गेल्यावर मी खोलीत जाऊन दार लावलं. परक्या माणसाने सगळी गाडी खोलून पाहिली आणि त्याला खरं कारण कळलं. मी गाडीत डाव्या सीटवर बसायचे. उत्तमचा डावा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. आठवड्यातून दोनदा, जाताना दीड तास, येताना दीड तास, तो हात माझ्यासमोर दुखत होता आणि मी टायरचा विचार करत होते. तो ज्या दवाखान्याच्या आवारात दर फेरीला माझी वाट बघत बसायचा, तिथे आत येऊन कुणालाही नुसतं सांगितलं असतं... पण तो आत यायचा तो माझी पाण्याची बाटली द्यायला.

त्यानंतरचे काही आठवडे नातेवाइकांनी त्यांच्या गाडीतून मला जालन्याला नेलं. मग एका शुक्रवारी मी गेले नाही. मंगळवारीही गेले नाही. पाय सुजले, आडवं झालं की श्वास कोंडायला लागला. मला बरं वाटलं, खरं सांगते. ज्या जिवासाठी त्याने स्वतःकडे बघितलं नाही तो जीव ठेवून मी काय करू? त्या बुधवारी सकाळी सुनीता माझी पिशवी भरून खोलीत आली. तिने माझ्या पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "अक्का, उठा. ही गाडी त्यांनी तुमच्यासाठी बनवली. तुम्ही अशा गेल्या तर ती दारात उभी राहील अन् मला रोज तिच्याकडं बघावं लागंल. तेवढं माझ्याच्यानं व्हणार न्हाई." ती ओरडली नाही, रडली नाही. मी उठले.

गल्लीतले शेषराव एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी गाडी काढली. अंबडच्या त्या मोठ्या वळणावर गाडी तशीच वळली, जराही कलली नाही, माझ्या पोटात काहीसुद्धा हललं नाही. तो नसतानाही त्याचं काम तितकंच चोख चालू होतं, आणि मला त्या गाडीचा भयंकर राग आला. मी शेषरावांना विचारलं, स्टिअरिंग जड लागतं का हो?

"न्हाई बाई. लै हलकं हाय. एका हातानं वळून राह्यलं."

मला बरं वाटावं म्हणून ते बोलले होते. मी तोंडाला पदर लावला तर त्यांना वाटलं मला मळमळतंय, आणि त्यांनी वेग कमी केला.

आता मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. जगावंसं वाटतं म्हणून नाही, न जाण्याचा हक्क आता मला राहिला नाही म्हणून. डावीकडेच बसते. पिशवी लागत नाही. रस्त्याकडे माझं लक्ष नसतं, शेषराव गिअर टाकतात तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघते. परवा त्यांनी नुसता खांदा चोळला, तर मी गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि जालन्याला पोहोचल्यावर मशीनवर जायच्या आधी त्यांना डॉक्टरांपुढे उभं केलं. त्यांना काही झालेलं नव्हतं. आदल्या दिवशी गव्हाचं पोतं उचललं होतं, एवढंच. डॉक्टर मला म्हणाले, बाई, तुम्ही फार घाबरता. शेषराव हसत म्हणाले, चला, फुकट तपासणी झाली.

उत्तमला मी कधी म्हणाले नाही, की गाडी बाजूला घे.