झुलीखालची घोडी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती इतक्यांदा चढले आहे की आता शहाणपणाचा प्रश्न उरलेला नाही. गुडघे तेवढे उरलेत, तेही नावापुरते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नागपुरातल्या एका प्राणी संस्थेचं काम करू लागले. संस्था म्हणजे शहराबाहेर पत्र्याचा निवारा, एक डॉक्टर, धक्का मारून सुरू होणारी गाडी आणि आम्ही मोजकी माणसं. कुणी जनावराला छळलं की पोलिसांत तक्रार द्यायची, जनावर निवाऱ्यात आणायचं आणि मग तारखांना जात राहायचं. सुरुवातीला माणूस न्यायासाठी जातो. पुढे पुढे नाही गेलं तर केस पडेल, एवढ्यासाठीच जातो.

या घोडीची केस तर माझ्याच घरातून निघाली.

भाच्याचं लग्न होतं. वरातीची घोडी मुलीकडच्यांनी पाठवली होती, कामठीच्या एका घोडीवाल्याची, व्याह्यांच्या ओळखीतली. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ असं नवरदेवाचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तेव्हा हसत म्हणाला होता. नंतर तो ही म्हण हसत म्हणेनासा झाला.

नवरदेव घोडीवर बसला की आत्याने घोडीला भिजवलेली चण्याची डाळ चारायची, अशी चाल आमच्याकडे पडली आहे. मूळची ती आमची नव्हे. नागपुरात अशा गोष्टी शेजारून येतात आणि घरच्या होऊन जातात. मुंडावळ्या मीच बांधल्या होत्या, ताटही मीच घेतलं. घोडीने डाळीला तोंड लावलं नाही. तिच्या अंगावरची कातडी सारखी थरथरत होती. बँडवाले जोरात होते, पाहुण्यांनी अत्तर फासलं होतं, आणि त्यातूनही एक वास येत होता. निवाऱ्यात काम करणाऱ्याला तो वास कुणी सांगावा लागत नाही. मी जरीच्या झुलीचा कोपरा उचलला. खोगिराच्या कडेला तळहाताएवढी जखम होती, पिकलेली.

“उतर गा,” मी भाच्याला म्हटलं. “घोडीले जखम आहे.”

तो उतरला. त्याच्या पांढऱ्या चुडीदारावर मांडीपाशी पिवळट लाल डाग पडला होता. “आत्या, हे काय लागलं?” त्याने विचारलं. मी झूल पुन्हा उचलून दाखवली. तो बघतच राहिला. उरलेली वरात तो पायी गेला.

मी संस्थेला फोन केला. गाडी आली, डॉक्टर आला, पोलीस आले. पंचनाम्याला पंच हवे होते आणि ते बाहेरचे असावे लागतात. आम्हाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मंडपात जिलेबी वाढली जात असताना पाहुण्याला पंगतीतून उठवून जखमी घोडीसाठी सही कोण मागणार? आमच्याच दोन कार्यकर्त्यांनी सह्या केल्या. आपण वेळेवर काम उरकलं म्हणून आम्ही खूशही होतो.

निकाल लागेपर्यंत घोडी निवाऱ्यात ठेवा, असा कोर्टाने हुकूम दिला. डॉक्टर रोज जखम धुवायचा. घोडी आधी कुणाला जवळ येऊ देईना, मग मला देऊ लागली. इकडे तारखा पडत राहिल्या. कधी साहेब रजेवर, कधी वकील आजारी. बाहेरच्या बाकावर घोडीवाला आणि मी शेजारी शेजारी बसायचो, कारण बाक एकच होता.

“मॅडम, घोडी खाते ना बराबर?” तो विचारायचा.

“खाते. जखम दिसत नव्हती का तुम्हाले?”

“दिसत होती. म्हणून तर मोठी झूल टाकली. सीझन होता, लोकांले हो म्हणून बसलो होतो.”

हे तो बाकावर बोलायचा. आत गेला की त्याचा वकील बोलायचा. मला त्याचा राग यायचा आणि टिकायचा नाही. टिकला असता तर सोपं गेलं असतं.

वकिलाचं म्हणणं साधं होतं. तक्रार संस्थेची, पंच संस्थेचे, डॉक्टर संस्थेचा. जखम वरातीत नव्हतीच, घोडी संस्थेच्या गाडीत चढवताना झाली. आता बाहेरचा म्हणावा असा एकच साक्षीदार होता, माझा भाचा. त्याने पाहिलेलं सांगितलं तर घोडी आमच्याकडे राहण्याची आशा होती. नाही तर ती परत खोगिराखाली जाणार होती.

भाऊ घरी आला. “ताई, लग्नाची गोष्ट कोर्टात काहून नेऊन राहिली तू? व्याही बोलणं सोडून देईन. त्या सुनेनं माहेरी कोणत्या तोंडानं जायचं?” त्याचंही चुकत नव्हतं. सून गुणी आहे, माझ्या हातच्या कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीवर तिचा जीव आहे.

भाचा नंदनवन वस्तीतल्या माझ्या घरी आला तो साक्षीच्या आदल्या दिवशी. दोन वड्या खाल्ल्या आणि म्हणाला, “मी पाहिलं ते सांगतो, आत्या. तू टेन्शन नको घेऊ.” त्या दिवशी मला खूप दिवसांनी हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पिंजऱ्यात उभा राहिला. मागच्या बाकावर त्याचे सासरे येऊन बसले होते.

“डोळ्यापुढं मुंडावळ्या होत्या,” तो म्हणाला. “मला काही दिसलं नाही.”

“मग घोडीवरून का उतरलात?” सरकारी वकिलांनी विचारलं.

“आत्यानं सांगितलं म्हणून.”

मुंडावळ्या कानाशी लोंबतात, डोळ्यांवर येत नाहीत. गाठ मी मारली होती. पण माझी साक्ष आधीच होऊन गेली होती आणि मध्ये बोलायची सोय नव्हती. बाहेर आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहिला. “आत्या, सासरे मागे बसले होते,” एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं. “घरी जा,” मी म्हटलं.

घोडीवाला निर्दोष सुटला. ताबा द्यायच्या दिवशी तो निवाऱ्यात आला तेव्हा तुळशीची लग्नं होऊन गेली होती आणि गावभर मंडप पडू लागले होते. त्याने घोडीभोवती एक फेरी मारली, जखमेच्या जागी हात फिरवला. तिथे आता नवे केस आले होते. “मस्त केली मॅडम तुम्ही,” तो मनापासून म्हणाला. मग पिशवीतून तीच जरीची झूल काढून त्याने तिच्या पाठीवर टाकली.

मी घरून डाळ भिजवून नेली होती. या वेळी तिने सगळी खाल्ली, माझा तळहात चाटून पुसून. निवाऱ्याचं फाटक मीच उघडलं. घोडी ताठ मानेने, एकही पाय न लंगडता कामठीच्या रस्त्याला लागली. लग्नसराईसाठी आम्ही तिला चांगली तयार करून दिली होती.